बुरेटमामा आणि खेकडा पावडर

तुमच्या मोरीत भांडी घासायच्या लिक्विडची जी बाटली आहे, तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय, हे तुम्ही आजवर एकदा तरी वाचलंय का? खरं सांगा. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख आपण बघतो, औषधाच्या बाटलीवरची बघतो. पण जे पाणी रोज आपल्याच हातून नाल्यात जातं, त्यात काय मिसळून पाठवतोय हे कोण बघतं? मीही बघत नव्हते. मला बघायला लावलं एका माणसानं, आणि त्याच्याइतका तऱ्हेवाईक व त्याच्याइतका मोठा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सगळे त्यांना बुरेटमामा म्हणायचे. बदनापूरजवळच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. काचेची भांडी धुवायची, द्रावणं करून ठेवायची, पोरांनी फोडलेल्या नळ्या गोळा करायच्या, हे त्यांचं काम. हुद्दा शिपायाचा, पण द्रावण नीट झालंय की नाही हे प्राध्यापकसुद्धा त्यांनाच विचारायचे. ब्युरेट म्हणजे आकडे आखलेली काचेची लांब नळी. खालची तोटी जराशी फिरवली की त्यातून थेंब थेंब द्रव पडतो. आमच्याकडं तिला बुरेट म्हणतात. मामा निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं शाल-नारळ दिला, तर ते म्हणाले, "शाल राहू द्या, एक जुनी बुरेट द्या." ती मिळाली. तेव्हापासून खांद्याच्या कापडी पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बुरेट, तीन-चार बाटल्या आणि तळहाताएवढी एक पांढरीशुभ्र टाइल घेऊन ते गावभर फिरायचे.

ती टाइल म्हणजे एक प्रकरणच होतं. प्रयोगात रंग नीट दिसावा म्हणून काचेच्या भांड्याखाली ती ठेवतात. मामा ती कशाखालीही ठेवत. स्टँडवरच्या हॉटेलात चहाच्या ग्लासाखाली टाइल सरकवून वरून बघत आणि जाहीर करत, "पत्ती दुसऱ्यांदा उकळून राह्यले."

हॉटेलवाला हात जोडायचा. "मामा, तुमचा चहा फुकट, पण ती फरशी काढू नका हो. गिऱ्हाईक उठून चाललं."

"मी कुठं वाईट म्हणलं? मी रंग सांगितला."

दुसरी खोड तीनची. कुठलीही गोष्ट तीनदा सारखी आल्याशिवाय ते खरी मानत नसत. बसमध्ये चढताना कंडक्टरला तीनदा विचारायचे, "आष्टीला जाती का?" तिसऱ्यांदा कंडक्टर खेकसला तरी हे शांत. "तिन्ही वेळा एकच बोलला. चला, बसू." लग्नाचं आमंत्रण एकदा आलं तर जात नसत. मामींना विचारलं तर त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "मला बघायला तीनदा आल्ते हे. माझे वडील म्हणले, पोराला दिसत न्हाई का काय?"

"मंग?" मामा म्हणायचे. "तिन्ही वेळा पसंत पडली. चाळीस वर्षं झाली, रीडिंग बदललं का?"

या सगळ्यावर गाव हसायचं, मीही हसायचे. मात्र एका गोष्टीवर कुणी हसत नसे. गावातली एकूण एक बोअर आणि विहीर त्यांनी तपासली होती, आणि पाणी किती जड आहे त्याचा आकडा त्या-त्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहून ठेवला होता. आमच्याकडचं पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही, हिटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, साबण चोळून हात दुखतो पण फेस येत नाही. कोणत्या बोअरच्या पाण्यात डाळ टाकायची हे बाया मामांचा निळा आकडा बघून ठरवायच्या. तो आकडा कधी चुकला नाही.

माझ्या आईचा बचत गट होता. नऊ जणी. पत्र्याच्या शेडमध्ये भांड्याचं लिक्विड करून बाटल्या भरायच्या आणि आठवडी बाजारात विकायच्या. बाटली दिसायला छान, वास छान, पण आमच्या पाण्यात फेस काही केल्या येईना. घेणारी बाई दुसऱ्या आठवड्याला परत करायची. गट मोडायला आला तेव्हा आई मामांकडं गेली.

मामा दुसऱ्या दिवशी शेडवर आले ते पांढऱ्या पावडरीची बरणी घेऊन. बादलीभर बोअरच्या पाण्यात त्यांनी थोडी पावडर विरघळवली, वर लिक्विड टाकलं आणि हात घुसळला. फेस बादलीबाहेर आला. नऊ जणींनी टाळ्या वाजवल्या.

"हे काय हाये, भाऊ?" काशीकाकूंनी विचारलं. काशीकाकू गटाच्या अध्यक्ष. शेडच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेला त्यांचं शेत आणि विहीर.

"ईडीटीए." मामांनी हाताची पाचही बोटं वाकवून नांगीसारखी केली आणि काकूंच्या मनगटावरची बांगडी पकडली. "पाण्यातला चुना साबणाला फेस करू देत न्हाई. हे त्या चुन्याला असं धरतं. खेकड्यानं धरल्यासारखं. धरलं की सोडत न्हाई."

"अगं बाई, खेकडा पावडर!" काकू म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं.

पाणी किती जड आहे हे मामा याच पावडरीनं मोजायचे. भांड्यात पाणी घ्यायचं, त्यात चिमूटभर रंग टाकायचा. पाण्यात मोकळा चुना असेल तर पाणी जांभळट लाल होतं. मग बुरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. सगळा चुना नांगीत सापडला, की त्या थेंबाला लाल पाणी एकदम निळं. किती थेंब लागले त्यावरून पाणी किती जड ते कळतं. "शेवटचा थेंब हळू," हे मामांचं पालुपद. जेवताना ताक वाढणारीलाही ते तेच सांगत.

खेकडा पावडरीनं गट तरला. वडीगोद्रीच्या हायवेवरच्या दुकानांपर्यंत बाटल्या जाऊ लागल्या. काकूंनी पावडर गोणीनं आणायला सुरुवात केली. जुनी शेड अपुरी पडली तेव्हा दिवाळीच्या आधी काम पलीकडच्या मोठ्या शेडमध्ये हललं.

पुढच्या उन्हाळ्यात मामांनी मला आणि कॉलेजच्या चार पोरींना घेऊन गावाचं पाणी पुन्हा तपासायला काढलं. माझ्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील चळवळीतले, मी अक्षरं पत्रकांवरच गिरवली. कुठल्या तरी कारखान्याविरुद्ध काहीतरी सापडेल आणि आपण ते छापू, या आशेनं मी त्यांच्या मागं फिरत होते.

जुन्या शेडच्या मागं जमिनीत पुरलेली एक प्लॅस्टिकची टाकी होती. पूर्वी पिंपं धुतलेलं पाणी तिच्यात साठायचं आणि भरलं की वरून नाल्याला जायचं. शेड हलवताना पावडरीची एक भिजलेली गोणीही त्यात रिकामी केली होती, हे आम्हाला नंतर कळलं. सहा महिने त्या टाकीकडं कुणी फिरकलं नव्हतं. मी गंमत म्हणून झाकण काढून तिचंही पाणी भांड्यात घेतलं. रंग टाकला. पाणी लाल झालंच नाही. बुरेटचा एक थेंबही न सोडता निळंशार!

मी ओरडले, "मामा, मऊ पाणी! पावसाच्या पाण्यासारखं!"

काशीकाकू धावत आल्या. पाण्यात डोकावून म्हणाल्या, "मंग उद्यापासून डाळ ह्याच्यातच टाकू का?"

"थांबा, मी वर आकडाच लिहून टाकते. शून्य!" मी पिशवीतला ब्रश काढलासुद्धा. मामांनी माझं मनगट धरलं. ते टाइलवरच्या त्या निळ्या रंगाकडं बघत होते, आणि चेहरा असा झाला होता, जणू घरातलं कुणीतरी पडलंय.

त्यांनी पुन्हा पाणी घेतलं. निळं. तिसऱ्यांदा घेतलं. निळं.

मग त्यांनी उलटं केलं. बुरेट धुतली आणि तिच्यात आपल्या बोअरचं जड पाणी भरलं. ते त्या निळ्या पाण्यात थेंब थेंब सोडू लागले. दहा थेंब गेले, वीस गेले. पाणी निळंच. बुरेट अर्धी रिकामी झाली. आमच्या गावचा सगळा चुना ते पाणी गिळत चाललं होतं. मग कुठं एका थेंबाला जांभळट लाल झाक आली.

मामांनी बुरेटची तोटी बंद केली. "मऊ न्हाई हे. पावडर हाये ही. सहा महिने झाले, अंधारात पडून हाये, आणि नांगी अजून उघडीच."

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, एकेक शब्द मोजून. साबण नाल्यात गेला की नाल्यातले जंतू त्याला खातात, चार-आठ दिवसांत संपवतात. ईडीटीएला खाणारा जंतू सहजी भेटत नाही. ते जातं तसंच पुढं जातं. आणि त्याला फक्त चुनाच धरता येतो असं नाही. शिसं, कॅडमियम, जे धातू गाळात बसून असतात, त्यांनाही ते उचलू शकतं आणि पाण्याबरोबर चालवू शकतं. आमच्या नाल्याला मध्येच एक भंगारचं आवार लागतं. जुन्या बॅटऱ्या, गंजलेले पत्रे, रंगाचे डबे. जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्यांना भंगार पुरवणारी अशी आवारं आमच्याकडं जागोजाग. त्या आवाराच्या खाली काशीकाकूंची विहीर.

काकूंनी ऐकलं आणि विचारलं, "माझी नात त्याच विहिरीचं पिती, भाऊ. काय झालं असंल?"

"माहीत न्हाई," मामा म्हणाले. "तपासल्याशिवाय सांगणार न्हाई."

विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत गेलं. अहवालाला पंधरा दिवस. काकूंनी तेवढे दिवस नातीला दुसरीकडून घागर आणून पाजली. मी मात्र घरी जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'तुमच्या बाटलीत विष!' उद्गारचिन्हं तीन. धावत जाऊन मामांना दाखवलं.

त्यांनी तो कागद पांढऱ्या टाइलवर ठेवला. वरून बघितला, चहा बघत तसा. "हा शब्द तीनदा तपासला का?"

"कोणता?"

"विष."

"मामा, लोकांना जागं करायचं तर..."

"ही पावडर हातावर घेतली तर कायबी होत न्हाई. शिसं अंगात गेलेल्या माणसाला दवाखान्यात ह्याच्याच भावकीतलं औषध देतात, शिसं बाहेर काढायला. तू विष लिहिशील. एखादा शहाणा उठंल, चमचाभर पाण्यात टाकून पिऊन दाखवील. मंग तुझं खरं कोण वाचणार?"

"मग लिहू काय?"

"जेवढं हाये तेवढं. हे संपत न्हाई. पुढं जातं. जाताना काय घेऊन जाईल ते आपल्याला ठाऊक न्हाई. एवढं पुरत न्हाई का तुला?"

मला तेव्हा खरंच पुरत नव्हतं.

अहवाल आला. विहिरीत शिसं नव्हतं, दुसरंही काही मर्यादेबाहेर नव्हतं. काशीकाकूंनी कागद कपाळाला लावला. माझा चेहरा मात्र उतरला. तो मामांनी बघितला.

"तुला वाईट वाटलं," ते हळूच म्हणाले. "इहीर चांगली निघाली म्हणून."

आजवर माझ्या तोंडावर मला कुणी इतकं खरं बोललेलं नाही. मला वाटलं, संपलं. विहीर चांगली, गट चालू, मामांच्या नावाला धक्का नाही. कुणी काही विचारणारही नव्हतं.

मामांनी त्याच दिवशी दुपारी गटाची बैठक बोलावली.

नऊ जणी चटईवर बसल्या होत्या. मामा उभे राहिले. "पावडर बंद करा," ते म्हणाले. "मी दिल्ती. मी चुकलो."

एकदम गलका. "पण अहवाल चांगला आला ना?"

"आज चांगला आला. आपण रोज ओतून राह्यलो, आणि जे ओतलं ते संपून न्हाई राह्यलं. शिसं उचललं गेल्यावर बंद करायची का?"

"भाऊ, फेस न्हाई तर बाटली घेतं कोण?" आई म्हणाली. "तुमीच तारलं, आता तुमीच बुडवायला निघाले?"

दुसरी म्हणाली, "मोठ्या बाटल्यांत पण असंलच की. आमच्या मोसंबीला फवारायच्या झिंकमध्ये पण हेच असतं म्हणतात. त्यांना सांगा ना! गरिबाचीच बाटली दिसली का तुमाला?"

"त्यांना पण सांगणार. पण त्यांना मी दिली न्हाई. तुमाला दिली."

काशीकाकू उठल्या. त्यांचं दोन्हीकडून जळत होतं, गटाच्या अध्यक्ष त्याच आणि विहीरही त्यांचीच. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी हे नसतं सांगितलं तर आमाला कधी कळलं असतं?"

"न्हाई कळलं असतं."

"मंग सांगितलं कशापायी?"

मामांनी पिशवी उचलली. "मला कळलं व्हतं ना."

संध्याकाळी नव्या शेडच्या रस्त्याकडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची अक्षरं उमटली. तेच अक्षर, तोच ब्रश, ज्यानं गावभर आकडे लिहिले होते: 'या लिक्विडमधली ईडीटीए पावडर मी सांगितली. ती पाण्यात संपत नाही. चूक माझी. तीनदा तपासलं.' खाली सही. स्टेशनकडं जाणारी माणसं सायकली थांबवून वाचत होती. पत्रकांच्या गठ्ठ्यात वाढलेल्या मला, दुसऱ्यांच्या चुका मोठ्या टायपात छापायच्या एवढंच माहीत होतं. आपली चूक आपल्याच हातानं, सगळ्यांना दिसेल अशी लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

पुढचे दोन महिने मामा शेडवर मुक्कामाला असल्यासारखेच होते. लिंबूसतापासून होणारं सिट्रेट वापरून बघितलं. त्यालाही नांगी असते, पण तिची पकड ढिली. चुना धरतं, मात्र नाल्यातले जंतू त्याला खाऊन टाकतात. फेस निम्म्याहून कमी. पहिली बाटली इतकी पातळ झाली की काशीकाकू म्हणाल्या, "भाऊ, हे तर मोसंबीचं सरबत झालं. उपासाला चालंल."

"चालंल," मामा म्हणाले. "तीनदा पिऊन बघा." नऊ जणी पोट धरून हसल्या. बैठकीनंतर पहिल्यांदाच.

शेवटी जमलं. भांडी निघतात. फेस मोजकाच येतो. ज्या दुकानांत जुन्या बाटल्या होत्या, तिथं मामा स्वतः गेले, प्रत्येक दुकानात तीनदा, आणि त्या परत आणल्या. जुन्या टाकीचं तोंड त्यांनी बंद करून घेतलं. त्या पाण्याचं काय करायचं हे अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. मामांनी झाकणावर तेवढंच लिहून ठेवलंय: 'उघडू नका. उत्तर शोधून राह्यलो.'

नव्या बाटलीवरची चिठ्ठी मी लिहिली. चार ओळी, उद्गारचिन्ह एकही नाही. 'फेस कमी येईल. भांडी निघतील. यात ईडीटीए नाही. वापरलेलं लिक्विड नाल्यात संपेल.' मामांनी ती टाइलवर ठेवून वाचली आणि परत दिली. काही बोलले नाहीत. माझ्या लिखाणाला तेवढी मोठी शाबासकी पुन्हा मिळालेली नाही.

आता ते पुण्याला मुलीकडं राहतात. फोनवर तक्रार करतात, "इथलं पाणी मऊ हाये गं. करमत न्हाई." मग विचारतात, "गट चालू हाये का?" मी सांगते, चालू आहे. थोड्या वेळानं पुन्हा विचारतात. फोन ठेवताना पुन्हा.

मी तिन्ही वेळा 'चालू आहे' म्हणते, पण पूर्ण खरं सांगायचं तर नऊतल्या तिघी सोडून गेल्या. दुकानात बाई येते, दोन थेंब हातावर चोळून बघते, फेस दिसत नाही म्हणून आमची बाटली ठेवते आणि शेजारची उचलते. उरलेल्या सहा जणींमध्ये काशीकाकू आहेत, माझी आई आहे. शेजारच्या बाटलीचं पाणी ज्या नाल्यात उतरतं, त्या नाल्याच्या काठावरही कुणाची तरी विहीर असते. तिचा अहवाल आज चांगला येईल. पुढचं मामांनाही माहीत नाही.

म्हणून एवढं करा. हे वाचून झाल्यावर उठा, मोरीत जा, बाटली उलटी करा. इंग्रजीत ई-डी-टी-ए ही चार अक्षरं शोधा. सापडली, तर पुढच्या वेळी दुकानदाराला विचारा, "हे नसलेलं आहे का?" बाटलीवर आत काय आहे हे लिहिलेलंच नसेल, तर बनवणाऱ्याला फोन लावून विचारा. पहिल्यांदा तो हसेल. दुसऱ्यांदा टाळेल. तुम्ही तिसऱ्यांदा विचारा.